रात्रीचे दिवे आणि गोड्या पाण्यातील शैवाले

शेवाळ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे घाटाची निसरडी पायरी उभी राहते. पाय घसरवणारे, विहिरीचे पाणी हिरवे करणारे, हौदाच्या कडेला लोंबणारे हे शेवाळ घासून काढण्यापलीकडे आपण त्याचा फारसा विचार करीत नाही. वस्तुतः ओढा, तळे, नदी किंवा सरोवर यांतील जीवांचा संसार ज्या अन्नावर चालतो, त्याचा मोठा वाटा याच क्षुद्र दिसणाऱ्या वनस्पतींनी सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने तयार केलेला असतो. गोगलगायी, कीटकांच्या अळ्या, पाण्यातील सूक्ष्म प्राणी शैवाले खातात. त्यांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे मासे व बगळे खातात. या साखळीची पहिली कडी शैवाल होय.

तळ्यातील पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला असता ‘शेवाळ’ हा एकच शब्द किती अपुरा आहे हे ध्यानी येते. कोठे काचेच्या डबीसारख्या सिलिकामय कवचात राहणाऱ्या करंडक वनस्पती (डायाटम) दिसतात, कोठे दोन केसांसारख्या शेपट्यांनी पोहणारी हिरवी एकपेशीय शैवाले, तर कोठे मण्यांच्या माळेसारख्या नीलहरित शैवालांच्या साखळ्या. यांपैकी नीलहरित शैवाले काटेकोरपणे पाहिल्यास जीवाणूंच्या कुळातील आहेत; तथापि जुन्या प्रघातानुसार येथे त्यांची गणना शैवालांतच केली आहे. काही जाती पाण्यात तरंगत राहतात, त्यांना प्लवक म्हणतात. काही दगडांवर बुळबुळीत साय धरतात, तर काही तळाच्या गाळावर वस्ती करतात.

या सर्वांचा मिळून एक समाज असतो व त्यात कोणाचे प्राबल्य आहे यावर पाण्याचा गुण ठरतो. करंडक वनस्पती हे जलचरांचे सकस अन्न आहे. याउलट मायक्रोसिस्टिस नावाचे नीलहरित शैवाल माजले की पाण्यावर हिरवा तवंग येतो, आणि त्याच्या कित्येक प्रकारांत यकृताला अपायकारक असे विष असते. पण नीलहरित शैवाले सरसकट वाईट म्हणावीत तर तेही खरे नाही. भारतातील भातखाचरांची सुपीकता टिकवण्यात हवेतील नायट्रोजन बांधून ठेवणाऱ्या नीलहरित शैवालांचा हात आहे, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले, आणि बनारसच्या रा. ना. सिंह यांनी पुढे या विषयाचा सखोल अभ्यास केला. तेव्हा पाण्यात शैवाल किती आहे, या प्रश्नाइतकाच ते कोणते आहे, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

या समाजावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत एक नवी गोष्ट येऊन पडली आहे. ती म्हणजे रात्रीचा प्रकाश.

काळोखाचे मोजमाप

प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक ‘लक्स’ हे आहे. भर दुपारच्या निरभ्र उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश जमिनीवर पडतो. पौर्णिमेच्या चांदण्यात तो ०·१ ते ०·३ लक्स एवढाच असतो, आणि अमावास्येच्या निरभ्र रात्री केवळ ताऱ्यांचा उजेड असताना एक-सहस्रांश लक्सच्या आसपास उतरतो. रस्त्यावरील दिव्याच्या खाली मात्र १० ते २० लक्स प्रकाश सहज मिळतो. म्हणजे दिव्याखालचे पाणी पौर्णिमेच्या रात्रीपेक्षा सुमारे तीस ते दोनशे पट, आणि अमावास्येच्या रात्रीपेक्षा दहा ते वीस हजार पट अधिक उजळलेले असते. चांदणे महिन्यातून काही रात्री येते व कलेकलेने वाढते-घटते. दिवा मात्र वर्षाच्या सर्व रात्री सारखाच जळतो.

५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले, तेव्हा त्यांना लागणारी वीज कावेरीवरील शिवसमुद्रमच्या धबधब्यापासून येत होती. एका नदीच्या पाण्याने शहर उजळावे, आणि पुढे शहरांच्या उजेडाने नद्यांचे व तळ्यांचे पाणी उजळावे, असा हा फेरा आहे. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमाखाली देशभर एक कोटी तीस लाखांहून अधिक एल.ई.डी. पथदिवे बसविण्यात आले. त्यामुळे विजेची मोठी बचत झाली, रस्ते सुरक्षित झाले, आणि या लाभाचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु मनुष्य पाण्याच्या काठी वस्ती करतो. म्हणून दिव्यांची दाटीही बहुधा घाट, पूल, बंधारे आणि तलावाकाठचे फिरण्याचे रस्ते येथेच होते.

शिवाय केवळ दिव्याखालचे पाणीच उजळते असे नाही. वर गेलेला प्रकाश हवेतील धूळ व बाष्प यांवरून विखुरला जाऊन पुन्हा खाली येतो व शहरावर एक फिकट प्रभा पसरते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशावरून असे दिसले की मानवजातीपैकी एक-तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. ढग आले की ही प्रभा आणखी वाढते, कारण ढगांचा तळभाग प्रकाश परत फेकतो. बर्लिन शहरात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मापनात ढगाळ आकाश निरभ्र आकाशाच्या दसपट तेजस्वी आढळले. पूर्वी ढगाळ रात्र सर्वांत काळोखी असे. आता मोठ्या शहरात तीच सर्वांत उजळ असते. आपल्याकडील पावसाळ्याचे चार महिने डोळ्यांसमोर आणल्यास या उलथापालथीचा अर्थ कळेल.

अन्न आणि निरोप

वनस्पतीला प्रकाश हवा असतो, आणि दिव्याने अधिक प्रकाश मिळतो. तेव्हा दिव्याखाली शेवाळ अधिक वाढावे असे सहजच वाटते. पण थोडे गणित करून पाहावे. २० लक्स म्हणजे दुपारच्या उन्हाचा पाच-हजारावा भाग. बहुतेक शैवालांना एवढ्या प्रकाशात तयार होणारे अन्न स्वतःच्या श्वसनालाही पुरत नाही. अतिशय मंद उजेडात राहण्याची सवय असलेल्या काही जातींना त्याचा थोडाफार उपयोग होत असेल. पण भोजन म्हणून पाहिल्यास दिव्याचा प्रकाश म्हणजे अवघी शिते आहेत.

मात्र प्रकाश हा वनस्पतीसाठी केवळ अन्न नव्हे. तो निरोपही आहे. दिवस केव्हा उगवला, केव्हा मावळला, ऋतू कोणता आहे, हे शैवालाला प्रकाशावरूनच कळते. आणि निरोप पोहोचण्यास फार मोठ्या आवाजाची जरुरी नसते. मध्यरात्री कोणी हळूच दार वाजवले तरी झोपमोड होते, तसेच हे आहे.

शैवालासारख्या एकपेशीय जीवाला दिवस-रात्रीची जाण असते, ही गोष्ट आता सिद्ध झालेली आहे. १९४८ साली पोल या शास्त्रज्ञाने दाखवले की युग्लीना हा गोड्या पाण्यातील हिरवा जीव प्रकाशाकडे पोहत जातो तो दिवसाच्या ठरावीक वेळीच, आणि सतत अंधारात ठेवला तरी त्याचा हा नेम काही दिवस चालू राहतो. म्हणजे त्याच्या पेशीच्या आतच एक घड्याळ असले पाहिजे. १९५६ साली ब्रूस व पिटेंड्रिघ यांनी असे दाखवले की पाण्याचे तापमान बदलले तरी हे घड्याळ फारसे मागे-पुढे होत नाही. पुढे १९९८ साली सिनेकोकॉकस या नीलहरित शैवालात या घड्याळाची तीन जनुके सापडली. त्यांना ‘काय’ हे नाव देण्यात आले, जपानी भाषेतील ज्या शब्दाचा अर्थ फेरा किंवा आवर्तन असा होतो. २००५ साली तर ताकाओ कोंदो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या तीन जनुकांची प्रथिने परीक्षानळीत पेशीविना एकत्र केली, त्यांना ऊर्जेसाठी ए.टी.पी. हे द्रव्य पुरवले, आणि नळीतील ते घड्याळ सुमारे चोवीस तासांचे फेरे घेत राहिले.

या घड्याळाचा उपयोग काय, याचे उत्तर १९९८ सालच्याच एका प्रयोगाने दिले, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. एकाच शैवालाचे निरनिराळ्या गतीची घड्याळे असलेले प्रकार एका भांड्यात मिसळून वाढवण्यात आले. भांड्यावर ११ तास उजेड व ११ तास अंधार असा बावीस तासांचा फेरा ठेवला तेव्हा ज्याचे घड्याळ जलद चालत होते तो प्रकार टिकला व इतर मागे पडले. १५ तास उजेड व १५ तास अंधार ठेवला तेव्हा मंद घड्याळाचा प्रकार जिंकला. सतत उजेडात ठेवले असता मात्र जलद-मंद घड्याळाने काहीच फरक पडला नाही. यावरून निघते ते असे की बाहेरच्या दिवस-रात्रीशी ज्याचे घड्याळ जुळते त्याला समाजात वरचढ स्थान मिळते. आणि रात्रच पुसट झाली तर या जुळण्याचे मोल कमी होते.

शैवालांची कित्येक कामे मुद्दाम रात्रीसाठी राखून ठेवलेली असतात. क्लॅमिडोमोनास हे हिरवे शैवाल दिवसा वाढते आणि विभाजन पावते ते बहुधा रात्री. तैवानमधील भातखाचरातून मिळालेले सिनेकोकॉकसचे एक वाण दिवसा प्रकाशसंश्लेषण करते व रात्री नायट्रोजन बांधते. याचे कारण असे की नायट्रोजन बांधणारे विकर प्राणवायूने निकामी होते, आणि दिवसा तर पेशी स्वतःच प्राणवायू तयार करीत असते. एकाच खोलीत दोन परस्परविरोधी उद्योग चालवायचे तर वेळा वाटून घ्याव्या लागतात, तसा हा प्रकार आहे. नॉस्टॉक, अ‍ॅनाबीना यांसारख्या साखळीवाल्या शैवालांनी या कामासाठी जाड भिंतीच्या वेगळ्या पेशीच राखल्या आहेत, त्यामुळे ती दिवसाही हे काम करू शकतात.

जर्मनीतील एक ओढा

प्रयोगशाळेत एका जातीबद्दल जे कळते ते ओढ्यातील शेकडो जातींच्या मेळ्याला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. यासाठी बर्लिन येथील गोड्या पाण्याच्या परिसंस्थांचा अभ्यास करणाऱ्या लायब्निट्स संस्थेतील फ्रान्झ ह्योल्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेस्टहाफेलांट या निसर्गोद्यानात एक प्रयोग मांडला. जर्मनीतील अतिशय काळोख्या प्रदेशांत याची गणना होते, आणि २०१४ साली त्याला आंतरराष्ट्रीय काळोख-आकाश राखीव क्षेत्र असा मान मिळाला. तेथे शेतातील पाणी वाहून नेणारा एक चर आहे. त्याच्या काठी दोन ठिकाणी एकसारखे पथदिवे उभारण्यात आले. सुरुवातीला दोन्ही ठिकाणच्या गाळातील सूक्ष्म जीवांचा समाज जवळजवळ सारखा असल्याची खात्री करून घेतली, आणि मग जुलै २०१२ पासून एकाच ठिकाणचे दिवे रोज रात्री लावण्यास प्रारंभ केला. दुसरीकडे खांब तेच, दिवे तेच, पण विझलेले. प्रयोगातील हा काटेकोरपणा विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्यासारखा आहे: खांबांमुळे होणारा परिणाम दिव्यांच्या माथी मारला जाऊ नये म्हणून ही दक्षता.

पाच महिन्यांनी गाळ तपासला तेव्हा दिव्याखालच्या गाळात करंडक वनस्पती व नीलहरित शैवाले वाढलेली आढळली. वर्षभराने दोन्हीकडचा गाळ प्रयोगशाळेत आणून त्याला सहा आठवडे उन्हाळ्यासारखी व सहा आठवडे हिवाळ्यासारखी परिस्थिती दिली. काळोखात राहिलेल्या गाळातील समाज ऋतूप्रमाणे चांगलाच पालटला. वर्षभर दिव्याखाली राहिलेल्या गाळातील समाज मात्र त्या मानाने कमी पालटला. जणू ऋतूची चाहूल त्याला पुरती लागलीच नाही. त्याचे रात्रीचे श्वसनही मंदावले होते. उन्हाळी गाळात तर हिशेबच उलटला. एरवी जो गाळ घेतो त्याहून अधिक कार्बन परत देतो, तो आता देण्यापेक्षा अधिक घेऊ लागला.

यावर कोणी म्हणेल की कार्बन शोषला जात असेल तर ते चांगलेच. एका चरातील गाळावरून एवढी उडी मारणे धाडसाचे होईल. आणि रात्रीचे श्वसन म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. पडलेली पाने, मेलेले जीव, वाहून आलेला केरकचरा हे सर्व पचवून त्यातील द्रव्ये पुन्हा उपयोगात आणण्याचे काम गाळातील सूक्ष्म जीव करतात. श्वसन हे त्या पचनाचे लक्षण आहे. ते मंदावले तर तळाशी काय साठत जाईल, हे पाहण्यास एक वर्ष पुरणारे नाही.

आल्प्समधील दगड

जर्मनीतील निष्कर्ष वाचून पुन्हा ‘दिव्याने शेवाळ वाढते’ असेच वाटू लागते. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगाने याच्या नेमके उलट दाखवले. आल्प्सच्या दक्षिण उतारावर, उत्तर इटलीतील एका डोंगरी ओढ्याच्या काठी लांबट पन्हळी मांडून त्यांतून ओढ्याचेच पाणी खेळवण्यात आले. काही पन्हळींवर रात्री सुमारे २० लक्सचा पांढरा एल.ई.डी. प्रकाश पाडला, इतर काळोखात ठेवल्या, आणि तळावर धरणारी शेवाळी साय तपासली. वसंतात तीन आठवड्यांच्या सायीचे प्रमाण दिव्याखाली ५७ टक्क्यांनी कमी भरले. शरदात दोन आठवड्यांच्या सायीचे ४३ टक्क्यांनी. वसंतात नीलहरित शैवालांचा वाटाही निम्म्याहून अधिक घटला. चार ते सहा आठवड्यांच्या जुन्या सायीच्या प्रमाणावर मात्र दिव्याचा लक्षणीय परिणाम आढळला नाही, तरी तीतील शैवालांचे आपसांतील प्रमाण बदललेले आढळले.

तेव्हा एकीकडे वाढ आणि दुसरीकडे घट. यात विसंगती आहे असे मानण्याचे कारण नाही. एकीकडे सपाट प्रदेशातील संथ, पोषकद्रव्यांनी भरलेला चर व सोडियमचे पिवळे दिवे, दुसरीकडे स्वच्छ, वाहता ओढा व पांढरा प्रकाश. एकीकडे गाळ, दुसरीकडे नुकतीच वस्ती करू लागलेली साय. जुन्या जाड सायीत वरचे थर खालच्यांवर सावली धरतात. नव्या सायीतील प्रत्येक पेशी उघड्यावर असते. लहान रोपाला जे सोसत नाही ते झाडाला सोसते, त्यातलाच हा प्रकार असावा.

आपल्या दृष्टीने येथे एक विचार सुचतो. दख्खनच्या पठारावरील बहुतेक नद्या-ओढ्यांना पावसाळ्यात पूर येतात व दगडगोटे घासून निघतात. पूर ओसरल्यावर शेवाळाला दरवर्षी पहिल्यापासून संसार मांडावा लागतो. आल्प्समधील प्रयोगकर्त्यांनीच असा प्रश्न उपस्थित केला आहे की ज्या ओढ्यांतील साय वारंवार उखडली जाते त्यांना दिव्यांची बाधा अधिक होते की काय. हा प्रश्न आपल्या नद्यांना विचारून पाहण्याजोगा आहे.

दिव्याचा रंगही दुर्लक्षून चालणार नाही. सोडियमच्या जुन्या दिव्याचा प्रकाश मुख्यतः पिवळा-नारिंगी असतो. पांढऱ्या एल.ई.डी.मध्ये निळ्या रंगाचा ठळक अंश असतो, आणि शैवालांच्या पेशींतील कित्येक प्रकाशग्राहक प्रथिने नेमकी निळ्या रंगालाच दाद देतात. स्वच्छ पाण्यात निळा प्रकाश खोलवर जातो. कुजलेल्या पालापाचोळ्याने तांबूस झालेल्या पाण्यात मात्र तोच सर्वांत आधी शोषला जातो. म्हणून एकच दिवा दोन तळ्यांवर दोन प्रकारे परिणाम करू शकतो.

चरणाऱ्यांची गैरहजेरी

प्रकाशाचा आणखी एक परिणाम शैवालावर थेट न होता त्याला खाणाऱ्यांच्या मार्फत होतो. पाणपिसू (डॅफ्निया) हा कवचधारी सूक्ष्म प्राणी दिवसा माशांच्या भीतीने खोल, अंधाऱ्या पाण्यात दडून राहतो आणि रात्री पृष्ठभागाजवळ येऊन तरंगती शैवाले चरतो. अमेरिकेतील बॉस्टन शहराजवळच्या वेबन सरोवरात मेरिअ‍ॅन मूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याचे काही स्तंभ शहराच्या प्रभेपासून झाकले व काही उघडे ठेवले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उघड्या स्तंभांतील पाणपिसवा सुमारे दोन मीटर कमी वर आल्या, आणि वर येणाऱ्यांची संख्याही १० ते २० टक्क्यांनी घटली. येथे डोक्यावर दिवा नव्हता. ही करामत केवळ आकाशातील प्रभेची होती. गुरे कुरणाकडे फिरकली नाहीत तर गवत माजते, तद्वत् चरणारे वर आले नाहीत तर पृष्ठभागावरील शैवाले वाढण्यास वाव मिळतो. ज्या तलावांत सांडपाण्याबरोबर नायट्रोजन व फॉस्फरस आधीच मुबलक येत आहेत, तेथे ही गोष्ट हिरव्या तवंगाला हातभार लावू शकेल. दोष प्रथम सांडपाण्याचाच, हे मात्र विसरू नये. दिवे विझवून सांडपाणी शुद्ध होत नाही.

उपाय कठीण नाहीत. दिव्यावर टोपण बसवून प्रकाश रस्त्यापुरता खाली वळवणे, पाण्याकडील बाजू झाकणे, पांढऱ्याऐवजी पिवळसर छटेचे दिवे वापरणे, आणि माणसांची वर्दळ संपल्यावर शोभेचे दिवे मालवणे, एवढ्याने बराच फरक पडतो. लडाखमधील हान्ले येथे २०२२ साली काळोख-आकाश राखीव क्षेत्र घोषित झाले, आणि महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ साली भारतातील पहिले काळोख-आकाश उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. दोन्ही ठिकाणी विचार मुख्यतः ताऱ्यांचा झाला. पेंच जलाशयातील शैवालांना त्याचा लाभ आपसूक मिळेल.

शाळेत करता येण्याजोगा एक प्रयोग सांगतो. एकाच तळ्याचे पाणी दोन सारख्या काचेच्या भांड्यांत घ्यावे व प्रत्येकात सूक्ष्मदर्शकाच्या आठ-दहा काचपट्ट्या दोऱ्याने उभ्या टांगाव्यात. दिवसा दोन्ही भांडी खिडकीशी शेजारी शेजारी ठेवावीत. सूर्यास्तानंतर दोहोंवर सारखीच खोकी पालथी घालावीत. एका खोक्यात वरच्या बाजूस लहान पांढरा एल.ई.डी. दिवा असावा, दुसऱ्यात तसाच पण न लावलेला. दिव्याने पाणी तापत नाही ना, हे तापमापकाने पाहावे, आणि उडून गेलेल्या पाण्याची भरपाई दोन्हीकडे सारखी करावी. दर आठवड्यास प्रत्येक भांड्यातील एकेक पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली करंडक, हिरवी व नीलहरित अशी शैवाले वेगवेगळी मोजून तारखेसह वहीत टिपावीत. निदान सहा आठवडे हा क्रम चालवावा. पहिल्या तीन आठवड्यांचे आकडे व नंतरचे आकडे वेगळ्या रकान्यांत मांडावेत, कारण आल्प्समधील ओढ्यात सायीच्या प्रमाणातील फरक दिसला तो पहिल्या तीन आठवड्यांतच.